अकरा नंबरवर दोघं

काका: उंदरानं वायर कुरतडली असेल. गेल्या वर्षी असंच झालं होतं.

नेटवर्कवाली: उंदीर वायर तोडतो काका, वाढवत नाही. इथे एक जास्त आहे.

काका: जास्त म्हणजे?

नेटवर्कवाली: या कपाटातला स्विच, म्हणजे सगळ्या तारा जोडायची ही पेटी, तिला चोवीस तोंडं आहेत. अकरा नंबरच्या तोंडाला तुमच्या कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर जोडलाय. कागदावर तो एकटाच आहे. आणि स्विच म्हणतो, अकरा नंबरवर दोघं आहेत.

काका: स्विच म्हणतो! अगं, पत्र्याचा डबा तो. त्याला काय कळतंय?

नेटवर्कवाली: एवढंच कळतं. बाकी काही कळत नाही त्याला. प्रत्येक यंत्र कारखान्यातून एक नंबर घेऊन येतं. तारेतून काही बोलायचं झालं की आधी स्वतःचा नंबर सांगतं. स्विच तो नंबर लिहून घेतो, कुठल्या तोंडातून आला तेही लिहितो. यंत्र पाच मिनिटं गप्प बसलं की खोडतो. परत बोललं की परत लिहितो.

काका: म्हणजे गेटवरचा रखवालदार.

नेटवर्कवाली: रखवालदार निदान चेहरा बघतो. हा नुसता नंबर बघतो.

काका: मग तो जुन्या प्रिंटरचा नंबर असेल.

नेटवर्कवाली: प्रिंटर मागच्या उन्हाळ्यात भंगारात गेला. कागदावर तुमचीच सही आहे.

काका: असेल. एकतीस वर्षांत सह्या काय कमी केल्या?

नेटवर्कवाली: काका, मी आज इथे नवा नियम लावायला आलेय. तुमच्यासारख्या पाणी शुद्ध करायच्या सगळ्या केंद्रांना हुकूम आहे. एका तोंडाला एकच नंबर, आधी ठरलेला. परका नंबर आला की ते तोंड आपोआप बंद. त्याच्याबरोबर तुमचा कॉम्प्युटरही बंद पडेल. म्हणून पहिले नऊ दिवस मी स्विचला नुसतं बघायला सांगितलं होतं. अडवायचं नाही, नोंद ठेवायची.

काका: काय नोंद झाली मग?

नेटवर्कवाली: वाचते. सोमवार, सकाळी सात वाजून चार मिनिटांनी आला. दुपारी तीनला दहा कमी असताना गेला. मंगळवार, सात वाजून तीन. बुधवार, सात वाजून सहा. गुरुवारी तुमची पाळी बदलली, तुम्ही दुपारी तीनला आलात. तोही तीनला आला. रविवारी तुमची सुट्टी होती. त्यालाही सुट्टी होती.

काका: चहा घेतेस का? थर्मासमध्ये आहे.

नेटवर्कवाली: नको.

काका: उन्हाचं चालत आलीस. घे की.

नेटवर्कवाली: टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीमागे तीन तोंडांचा एक डबा लपवलाय. त्यातनं एक तार कॉम्प्युटरला गेलीय आणि दुसरी तुमच्या खणात. खणाला कुलूप आहे. मी ते उघडायला लावू शकते. नाहीतर इथे बसून एक ओळ टाइप केली की नियम लागू, झालं.

काका: आत्ता नको.

नेटवर्कवाली: का?

काका: तीन वाजू दे. माझी पाळी सुटू दे. मग काय लावायचं ते लाव.

नेटवर्कवाली: बरं, नाही लावत. एक करा फक्त. समोरच्या पडद्यावर क्लोरीनचा आकडा आहे. मोठा आहे, वितीएवढा. तो सांगा मला.

काका: शून्य दशांश सहा.

नेटवर्कवाली: बघून सांगताय?

काका: बघूनच सांगतोय. शून्य दशांश सहा.

नेटवर्कवाली: काका, खणात जाणारी तार मी दहा मिनिटांपूर्वीच टेबलाखालून काढलीय. तेव्हापासून आकड्यांवर मी लक्ष ठेवून आहे. आत्ता तिथे शून्य दशांश आठ आहे. तुमच्या कानातलं यंत्रही तेव्हापासून गप्प असेल.

काका: मला वाटलं बॅटरी गेली.

नेटवर्कवाली: ते कानाचं यंत्र नाहीच, हो ना?

काका: कान माझे अजून तिखट आहेत. तू जिन्यावर असतानाच ओळखलं मी, डाव्या चपलेचा पट्टा सैल झालाय तुझ्या. पण लोकांना सांगितलं, ऐकू कमी येतं. चालून जातं. बहिरा माणूस चालतो लोकांना, पोरी. आंधळा नाही चालत.

नेटवर्कवाली: किती दिसतं?

काका: कडेकडेनं दिसतं. मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच जातं. भिंत दिसते, घड्याळ दिसत नाही. तू दिसतेस, तुझा चेहरा दिसत नाही.

नेटवर्कवाली: कधीपासून?

काका: तुझा चेहरा? गेल्या वर्षापासून. तोवर दिसायचा. मग एक दिवस तू आलीस नि मी म्हटलं, हिचा आवाज आला, ही कुठाय?

नेटवर्कवाली: डॉक्टर काय म्हणतात?

काका: आहे ते टिकवा म्हणतात. गेलं ते येणार नाही.

नेटवर्कवाली: पण दर वर्षी डोळे तपासतात ना इथे? पास कसे झालात?

काका: रांगेत शेवटचा उभा राहिलो. पुढच्या अठरा जणांनी तोच तक्ता मोठ्यानं वाचला. अठरा वेळा ऐकल्यावर गाढवालाही पाठ होईल.

नेटवर्कवाली: हसू नका काका.

काका: मग काय करू? तूच सांग.

नेटवर्कवाली: खणात काय आहे?

काका: ही घे किल्ली. माझा भाचा रेडिओ-मोबाइल दुरुस्त करतो, त्यानं बनवून दिलंय. दर अर्ध्या मिनिटाला कॉम्प्युटरला आकडा विचारतं आणि माझ्या कानात सांगतं. ठरलेल्या क्रमानं, क्लोरीन, गढूळपणा, टाकीची पातळी. बटण मीच दाबतो, झडप मीच फिरवतो. हात सगळं जाणतात. फक्त आकडा तेवढा कुणीतरी सांगावा लागतो.

नेटवर्कवाली: यात आवाज कुणाचा आहे?

काका: कानाला लावून बघ. तार नसली तरी बटण दाबलं की चाचणीचा आकडा बोलतं.

नेटवर्कवाली: "शून्य... दशांश... चार..." काका, या काकू आहेत!

काका: शून्य ते नऊ, आणि दशांश. अकरा शब्द बोलून घेतले तिच्याकडून. भाचा म्हणाला, बाजारात तयार आवाज मिळतो. म्हटलं, नको. पंपांच्या घरघरीत एकच आवाज मला नीट कळतो. चाळीस वर्षं त्याच्या शिव्या खाल्ल्यात.

नेटवर्कवाली: तुम्हाला मी गेल्या आठवड्यातच विचारायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. नंबर कुणाचा ते नाही कळलं, पण पाळ्यांचा तक्ता शेजारी ठेवला आणि कळलं. नियम असा आहे की परका नंबर दिसला की त्याच दिवशी वर कळवायचं. मी म्हटलं, बघू उद्या.

काका: का गं?

नेटवर्कवाली: मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा कपाटाची किल्ली कुणी देईना मला. वायरवाली आलीय, बसवा बाहेर, मोठ्या साहेबांना येऊ दे, असं चाललं होतं. तुम्ही आलात, किल्ली हातात दिलीत आणि म्हणालात, काम हिचं आहे, किल्ली हिला. बस.

काका: किल्ली सरकारी होती. त्यात माझं काय गेलं?

नेटवर्कवाली: बाकीच्यांचंही काही जात नव्हतं. पण काका, अजून एक आहे. नऊ दिवसांत दोनदा, दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान, अकरा नंबरवर तिसरा नंबर आलाय. तो कुणाचा? ते ठाऊक असल्याशिवाय मी इथनं हलणार नाही. तुमच्या या खणातल्या डब्यातून बिनतारी रस्ता उघडा आहे. त्या रस्त्यानं कुणीतरी आत आलं होतं. पाण्याच्या यंत्रापर्यंत आलं होतं, काका.

काका: तिसरा कुणी नाही. आईशप्पथ नाही.

काकू: नाही कसा? मी आहे ना. काय गं, दार उघडं टाकून काय बोलताय? खालपर्यंत ऐकू येतंय. गेटवाला मान वाकडी करून बसलाय. अहो, हा डबा घ्या जेवणाचा. आणि खण का उघडाय?

काका: कळलंय तिला.

काकू: किती?

काका: सगळं.

काकू: अगं बाई.

नेटवर्कवाली: काकू, तुम्ही म्हणालात तिसऱ्या तुम्ही. म्हणजे?

काकू: माझं 'सात' नि 'आठ' यांना सारखंच ऐकू यायचं पंपांमुळे. म्हणून परत बोलून घातलं. भाच्यानं फोनवर शिकवलंय मला कसं घालायचं. खाली बाकावर बसून घातलं. पहिल्यांदा 'सात' फार लांबलं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत.

नेटवर्कवाली: फोन बघू तुमचा. हं. शेवटचे चार आकडे... जुळतायत. तुमचाच आहे.

काकू: मग झालं तर! घरचंच माणूस निघालं. चोर ना दरोडेखोर.

नेटवर्कवाली: पासवर्ड काय होता त्या डब्याचा?

काकू: एक दोन तीन चार, पाच सहा सात आठ. मला लक्षात राहावा म्हणून.

नेटवर्कवाली: काकू, तुम्ही ज्या बाकावर बसलात तो कुंपणाला लागून आहे. कुंपणापलीकडे रस्ता. तुमच्या जागी रस्त्यावरचं कुणीही बसलं असतं. पाच मिनिटांत आत शिरलं असतं आणि क्लोरीनचा पंप बंद करून, चहा पिऊन निघून गेलं असतं.

काकू: पण गेलं नाही ना कुणी?

नेटवर्कवाली: नाही. स्विचच्या यादीत तरी चौथा नंबर नाही.

काकू: मग मी जे सांगते ते ऐक. तो डबा घेऊन जा, मोडून टाक, नदीत फेक. यांना दुसरं काहीतरी करू. सात महिने राहिलेत यांचे. फक्त सात. हार घालून, नारळ देऊन, मानानं बाहेर पडू देत. ती यादी पुसता येते ना?

नेटवर्कवाली: स्विच स्वतःच पुसतो. पाच मिनिटं गप्प राहिलं की नाव गेलं.

काकू: आणि तू जी नोंद ठेवलीस ती?

नेटवर्कवाली: ती माझ्याकडे आहे. तीही पुसता येते.

काकू: आणखी कुणी पाहिलीय?

नेटवर्कवाली: नाही.

काकू: मग पूस. तू नऊ दिवस गप्प बसलीस ना? तशी सात महिने बस.

नेटवर्कवाली: नऊ दिवस बसले तीच चूक झाली काकू.

काकू: चूक कसली? माया होती म्हणून बसलीस. या माणसानं काय वाकडं केलंय कुणाचं? पुरात छातीएवढ्या पाण्यातून चालत कामावर आलाय हा. पोराच्या लग्नाच्या दिवशी अक्षता टाकून पाळीवर आला. एकतीस वर्षांत एक डाग दाखव.

काका: अगं, बस जरा.

काकू: मी बसणार नाही. ही मुलगी आज लिहील नि उद्या हे घरी. घरी काय करतील हे? भिंतीकडे तोंड करून बसतील. डॉक्टर आपल्या तोंडानं म्हणाले, यांना कामात ठेवा. मीच म्हटलं यांना, करा काहीतरी पण जा. यांचा दोष असेल तर अर्धा माझा. तसंही लिही.

काका: डाग आहे.

काकू: काय?

काका: एकतीस वर्षांत एक डाग दाखव म्हणालीस. आहे. मागच्या महिन्यातला तो बुधवार आठवतो? जेवणाचा डबा तसाच परत आला होता घरी.

काकू: तुम्ही म्हणालात, पोट बिघडलंय.

काका: पोट बरं होतं. सव्वादहाचा सुमार होता. तू कानात सांगत होतीस, शून्य दशांश सहा. परत शून्य दशांश सहा. मनात म्हटलं, आज पाणी शहाण्यासारखं वागतंय. अकराला नळाचा नमुना घ्यायला उठलो. ग्लास नाकाशी नेला. वासच नाही.

काकू: वास नाही म्हणजे?

काका: क्लोरीन नाही. सिलिंडर संपलं होतं. धोक्याचा भोंगा दोन महिने बिघडलाय, तक्रार पडून आहे. लाल दिवा लागला असणार, पण मला लाल काय नि हिरवा काय, दोन्ही धुरातले काजवे. तार जागेवर होती, पण खणातला डबा आतच अडकला होता. शेवटचा आकडा धरून बसला आणि तोच परत परत बोलत राहिला. चाळीस मिनिटं.

काकू: माझ्या आवाजात?

काका: तुझ्याच आवाजात.

काकू: मी सांगत होते, सगळं ठीक आहे?

काका: तू नाही गं. डबा.

काकू: पण तुम्ही विश्वास ठेवलात तो माझा आवाज म्हणून.

काका: हो.

नेटवर्कवाली: काका, ते पाणी गेलं कुठे?

काका: उंचावरच्या टाकीत. तिथे आधीचं पाणी होतं, त्यात मिसळलं. मी लगेच सिलिंडर बदललं, मात्रा वाढवली, तासाभरात जागेवर आणलं. हात सगळं जाणतात, म्हटलं ना. पण चाळीस मिनिटांचं पाणी गेलंच लोकांच्या घरात, थोडंफार. कुणाच्या घरात गेलं, कुणाचं मूल प्यायलं, मला काय ठाऊक?

नेटवर्कवाली: नोंदवहीत काय लिहिलंत?

काका: दर वीस मिनिटांची ओळ असते. तीन ओळी. तिन्हीत शून्य दशांश सहा. पहिल्या दोन मला खऱ्या वाटत असताना लिहिल्या. तिसरी खोटी आहे हे माहीत असताना.

काकू: म्हणून... म्हणून रोज सकाळी, दवाखान्याची बातमी आहे का बघ, कुठे उलट्याजुलाबाची साथ आहे का बघ. मी वाचायचे नि तुम्ही म्हणायचात, नीट वाच, आतलं पान बघ.

काका: बारा दिवस. तेराव्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं याचीच लाज वाटली.

काकू: मला का नाही सांगितलंत?

काका: तुझ्या आवाजाचं कसं सांगू तुला?

नेटवर्कवाली: काकू, पाणी घ्या. बसा इथे.

काकू: नको मला.

काका: पोरी, तुझी ती ओळ टाइप कर आता.

नेटवर्कवाली: काका, तुमच्याशिवाय इथे पडदा बघायला कुणी नाही. तीन वाजेपर्यंत मी बसते समोर. मग...

काका: तीनपर्यंत नाही. आत्ता. आणि फोन इकडे दे. साहेबांचा नंबर मला पाठ आहे.

काकू: अहो, थांबा. एक रात्र तरी जाऊ द्या मध्ये. घरी चला, बोलू.

काका: एक रात्र मध्ये गेली की मी परत तुझ्या बाजूचा होईन. मला माहीत आहे ना स्वतःला. हॅलो. साहेब, नमस्कार. शुद्धीकरणावरून बोलतोय, पहिल्या पाळीचा. नाही, पंप चालू आहेत. पाणी ठीक आहे. साहेब, दुसऱ्या पाळीवाल्याला आत्ता पाठवा. हो, आत्ताच. मला पाळी सोडायचीय. तब्येत नाही, डोळे. मला पडद्यावरचं दिसत नाही साहेब. आज नाही, वर्ष झालं. हो, शुद्धीवर आहे मी. मी दुसऱ्याच्या यंत्रावर आकडे ऐकत होतो, ते तारेला चोरून जोडलं होतं. नेटवर्कवाल्या बाईंनी पकडलं. आणि मागच्या महिन्यातल्या बुधवारची नोंदवही काढून ठेवा, तिच्यात माझी एक ओळ खोटी आहे. समोर येऊन सांगतो. हो. इथेच आहे. कुठे जाणार?

काकू: संपलं.

काका: तो येईपर्यंत पडद्यावर लक्ष ठेव हं पोरी. आणि काय लिहायचं ते स्वच्छ लिही. माझ्यासाठी शब्द मऊ करू नकोस.

नेटवर्कवाली: माझे नऊ दिवसही लिहीन.

काका: ते कशाला? विचारलं कुणी?

नेटवर्कवाली: तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं, त्या ओळीचं?

(पाच आठवड्यांनंतर. काकांचं घर, पहिला मजला. दिवेलागण होत आलेली.)

काकू: ये. बस. खुर्चीवरचे कपडे बाजूला कर. फोन न करता आलीस?

नेटवर्कवाली: केला असता तर तुम्ही येऊ नको म्हणाला असतात.

काकू: म्हणाले असते. पहिले पंधरा दिवस तर दार उघडलं नसतं. खोटं कशाला बोलू?

नेटवर्कवाली: चौकशी संपली. जप्त केलेलं सामान मालकाला द्यायचं म्हणून हा डबा दिलाय माझ्याकडे. इथे सही हवी.

काकू: मला नको घरात तो. भाच्याला दे. नाहीतर फोड.

काका: दे इकडे. कुठे करू सही? बोट ठेव त्या जागेवर. हं. आली का बोटाच्या वर?

नेटवर्कवाली: बरोबर आली.

काका: निकालाचं पत्र आलंय मला. हिनं वाचून दाखवलं. वैद्यकीय कारणानं निवृत्त. खोट्या नोंदीबद्दल सेवापुस्तकात ठपका. कायमचा.

काकू: हार नाही, नारळ नाही. एकतीस वर्षांचा माणूस मागच्या दारानं आला घरी. चपला नि थर्मास पिशवीत घालून गेटवाला देऊन गेला. दुसऱ्या पाळीवाला एकदा येऊन बसला. बाकी कुणी नाही.

काका: येतील. लाजतायत. मलाही सुचलं नसतं काय बोलावं. तुझं काय झालं?

नेटवर्कवाली: मेमो मिळाला. नऊ दिवसांसाठी. पुढची बढती दोन वर्षं लांबली.

काकू: तुला काय गरज होती ते लिहायची? कुणाला कळलं असतं?

नेटवर्कवाली: मला.

काका: भोंगा दुरुस्त केला का?

नेटवर्कवाली: केला. दुसऱ्याच दिवशी. आणि आता पहिल्या पाळीला दोघं असतात, एकट्याला बसवत नाहीत.

काका: हे बरं झालं. आधीच व्हायला हवं होतं.

नेटवर्कवाली: अजून एक सांगायचं होतं. म्हणून मुद्दाम आले, सही काय, टपालानंही झाली असती. मी प्रयोगशाळेत गेले होते. त्या बुधवारच्या आणि गुरुवारच्या नमुन्यांचे निकाल काढायला लावले. गावातल्या बारा नळांचे नमुने रोज घेतात ना. बाराच्या बारा ठीक आहेत. दोन्ही दिवस.

काका: बाराच्या बारा?

नेटवर्कवाली: तिथल्या बाईंनी रजिस्टर दाखवलं. मी स्वतः वाचलं.

काकू: ऐकलंत? कुणाला काही झालेलं नाही.

काका: ऐकलं.

काकू: मग आता तरी नीट झोपा. हे अजून उठून बसतात गं. आणि मला विचारशील तर मला आकडा म्हणवत नाही तोंडानं. परवा दूधवाल्याला फोन नंबर सांगायचा होता, तर कागदावर लिहून दिला.

नेटवर्कवाली: काकू, तो आवाज तुमचा होता, चूक तुमची नव्हती. डब्याला मध्ये अडकलं तर गप्प बसायला कुणी शिकवलंच नव्हतं.

काकू: डोक्याला कळतं ते. जिभेला नाही कळत अजून.

काका: कळेल. घाई काय आहे? आता दोघांनाही वेळच वेळ आहे.

नेटवर्कवाली: दिवस कसा जातो काका?

काका: पहिले काही दिवस कॉटवर. मग म्हटलं, डोळ्यांच्या भरवशावर घर बघायचं सोडून द्यावं. एकेक खोली हातानं पाठ करतोय. स्वयंपाकघर झालं. ही ओरडते, पण चहा मी करतो आता. मग गॅलरी झाली. सध्या जिना चालू आहे.

काकू: दिवसातून दहा वेळा वरखाली. शेजारी म्हणतात, यांचं काही हरवलंय का?

नेटवर्कवाली: बरं, येते मी. अंधार पडत आला.

काकू: परत ये. दारच बंद करते असं नाही मी.

नेटवर्कवाली: येईन काकू. अरे, जिन्यातला दिवा लागत नाहीये.

काकू: चार दिवस झाले जाऊन. कुणी लक्षच देत नाही. थांब, बॅटरी आणते.

काका: बॅटरी कशाला? बारा पायऱ्या आहेत, मग वळण, परत नऊ. वळणाच्या आधीची एक कडेला फुटलीय. थांब पोरी, मी पुढे होतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेव.